दाखल-खारीजच्या दोन ओळी

२६ जून २००० ला शाळा उघडली तेव्हा पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात आणि तोवर पेरणी अंगावर आलेली असते. पहिल्या दिवशी आईबाप घाईत असतात. नाव सांगायचं, पोराला वर्गात बसवायचं आणि वावराकडे पळायचं. त्या सकाळी दाखल-खारीज नोंदवहीत मी अठरा नावं लिहिली. त्यातल्या लागोपाठच्या दोन ओळी सख्ख्या बहीण-भावाच्या होत्या. बहिणीची जन्मतारीख ११-१२-१९९३. भावाची १-६-१९९४.

लिहिताना मला त्यात काही दिसलं नाही. पुढची अठरा वर्षं कोणालाच दिसलं नाही. दिसलं तेव्हा त्या भावाला फाशीची शिक्षा होऊन दोन वर्षं झाली होती, आणि ती कायम करायची की नाही यावरची अंतिम सुनावणी नागपूर खंडपीठात नऊ दिवसांवर आली होती.

गाव वर्धा नदीच्या काठचं आहे. नाव लिहीत नाही. ज्यांचे जीव गेले त्यांचं घर तिथंच आहे आणि ज्यानं घेतले त्याची मायही तिथंच राहते. जुलै २०१२ च्या दुसऱ्या आठवड्यात गावातल्या किराणा दुकानदाराचा आणि त्यांच्या पत्नीचा रात्री खून झाला. चोरीसाठी तिघं शिरले होते. दोघं बाहेरगावचे, तिसरा हा. कुऱ्हाड याच्या हातात होती असं पुराव्यात आलं, म्हणून त्या दोघांना जन्मठेप आणि याला फाशी. त्यानं ते केलं याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. दुकानदाराचा मुलगा माझाच विद्यार्थी. आईबापांना उचलताना मीही तिथं होतो. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचताना कोणी समजू नये की मी मेलेल्यांना विसरलो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये एक तरुण वकीलबाई माझ्या घरी आल्या. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. उच्च न्यायालयाच्या विधी सेवा उपसमितीनं त्यांना या केसमध्ये नेमलं होतं. आधीच्या वकिलांनी केस सोडल्यामुळे ती त्यांच्याकडे आयत्या वेळी आली होती. अंगणात बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सर, मी पूर्ण पेपरबुक वाचलं. सातशे पानांत त्याच्या वयाचा एक कागद नाही. अटकेच्या फॉर्मवर वय १९ लिहिलंय, आरोपपत्रात तेच उतरवलं, कोर्टातल्या जबाबात तेच. कुठून आलं ते एकोणीस?"

मी म्हटलं, अंदाजानं लिहिलं असेल.

"जेलमध्ये मुलाखतीला गेले तेव्हा त्याला विचारलं, जन्म कधीचा. तो म्हणे, माय सांगे तान्ह्या पोयाचा. म्हणून घरी मले नंदी म्हणत."

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं लाकडाचा नंदी सजवून दारोदार नेतात, त्याला तान्हा पोळा म्हणतात. पोळा श्रावणी अमावास्येचा. म्हणजे तान्हा पोळा ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात येतो. जूनमध्ये कधीच येत नाही.

त्या बोलत होत्या आणि मला ती सकाळ आठवत होती. टेबलासमोर त्याचा बाप उभा होता, खांद्यावर दुपट्टा, हाताला दोन पोरं. पोरीच्या जन्माचा दवाखान्याचा कागद त्यानं पिशवीतून काढून दाखवला. पोराचं विचारलं तर म्हणाला, "हा घरीच झाला जी. तान्ह्या पोयाले." कोणत्या साली, विचारलं. "ते का ध्यानात राह्यते गुरुजी? लिवा तुमच्या हिशोबानं. बहिनीसंग येईल-जाईल. माय त हिची निंदाले जाते, घरी कोनी नाही पाह्याले." रांगेत मागे पंधरा जण होते. मी १-६-१९९४ लिहिलं.

तारीख माहीत नसली की १ जून नाही तर १ जुलै लिहायची, ही खेड्यातल्या शाळांची जुनी रीत. माझ्या पिढीतल्या कितीतरी माणसांचे वाढदिवस त्यामुळेच जूनमध्ये येतात. माझाही १ जूनच आहे. माझ्या गुरुजींनी माझ्यासाठी केलं ते मी त्या पोरासाठी केलं. नोकरीच्या वेळी, पेन्शनच्या वेळी त्या तारखेचा उपयोग होतो एवढंच माहीत होतं. ती माणसाच्या गळ्याशी येऊन थांबेल असं मनात कधी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका नव्या होत्या, पण भल्या. म्हणाल्या, नोंदवही दाखवते, बाहेर मात्र देता येणार नाही, पंचायत समितीतून लेखी लागेल. पत्र्याच्या पेटीत जुन्या नोंदवह्या होत्या. वरच्या दोन उधईनं खाल्लेल्या, तिसरी शाबूत. पान उघडलं. माझंच अक्षर, निळ्या शाईचं. वकीलबाईंनी भावाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. १-६-१९९४ म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण होऊन महिना झालेला. आणि बाल न्याय कायद्यात वय ठरवताना शाळेच्या नोंदीला पहिला मान. ती नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणजे माझी अंदाजानं लिहिलेली तारीख त्याच्या मायच्या आठवणीपेक्षा कायद्याला जड होती.

मी म्हणालो, "मी प्रतिज्ञापत्र देतो ना, की ही तारीख खरी नाही."

त्या म्हणाल्या, "सर, अठरा वर्षांनी मास्तर येऊन सांगतो की मी चुकलो होतो. कोण ऐकेल?"

त्यांचं बोट मग वरच्या ओळीवर सरकलं. त्या थांबल्या. वर पाहिलं, खाली पाहिलं. आईचं नाव दोन्हीकडे एकच.

"ही डिसेंबर त्र्याण्णवची. हा जून चौऱ्याण्णवचा. साडेपाच महिन्यांत?"

शाळेच्या त्या खोलीत आम्ही तिघं होतो आणि बराच वेळ कोणी बोललं नाही. बाहेर पोरांचं पाढे म्हणणं चालू होतं. मग त्यांनी पाटीवर खडूनं हिशोब मांडला. बहीण ११ डिसेंबर १९९३ ची असेल तर त्याच आईला पुढचं मूल लवकरात लवकर सप्टेंबर १९९४ च्या आसपास होईल. सप्टेंबर १९९४ धरा, नाही तर १९९५ चा तान्हा पोळा धरा, जुलै २०१२ ला तो अठराच्या आतच राहतो. अठरा पूर्ण व्हायला जुलै १९९४ च्या आधी जन्मायला हवा, आणि बहिणीनंतर सात महिन्यांत ते होत नाही. माझ्या आठवणीची गरजच नव्हती. माझी चूक खोडायला माझीच दुसरी नोंद पुरेशी होती, फक्त ती दुसरी नोंद खरी आहे हे सिद्ध व्हायला हवं होतं. आणि मुलगी पहिली, मुलगा नंतरचा, हेही.

इथे आपल्याकडची एक रीत कामी आली. पहिलं बाळंतपण माहेरी. माय पोरीच्या वेळी तालुक्याच्या गावी आईकडे गेली होती, दवाखान्यात प्रसूती झाली होती, म्हणजे नगर परिषदेत नोंद असणार. दुसऱ्या वेळी सासरी, सुईणीच्या हातून. ती नोंद ग्रामपंचायतीत शोधली, नव्हती. आम्हाला पोरीचा कागद हवा होता. बापानं मला दाखवलेला तो दवाखान्याचा कागद बापाबरोबरच गेला होता. तो २००९ मध्ये आजारानं वारला.

तिथून पुढचे सहा दिवस मी तालुक्याला एसटीनं जात-येत होतो. नक्कल मागायचा अर्ज पहिल्या दिवशी दिला. १९९३ चं रजिस्टर गोदामात. गोदामाची चावी ज्याच्याकडे तो रजेवर. दुसऱ्या दिवशी चावी आली, रजिस्टर सापडेना. तिसऱ्या दिवशी रविवार. मी कोणावर आरडाओरडा केला नाही. त्या कार्यालयातल्या माणसांना वाईट म्हणावं असंही काही नव्हतं. त्यांच्याकडे रोज जातीच्या दाखल्यासाठी, वारस नोंदीसाठी अशीच माणसं हेलपाटे घालतात आणि माझा कागद त्यांना त्यातलाच एक वाटत होता. मी त्यांना सांगितलंही नाही की कशासाठी हवा आहे. फाशी हा शब्द तोंडातून निघत नव्हता.

त्या दिवसांत वकीलबाईंकडून कायदा जेवढा कळला तेवढा सांगतो, कारण गावात याबद्दल फार चुकीचं बोललं जातं. मायला कोणीतरी सांगितलं होतं की तीस दिवसांत अपील केलं नाही तर पोराला लटकवतात, आणि त्या भीतीनं तिनं दोन एकरांतलं एक एकर विकून एका मध्यस्थाला पैसे दिले होते. अपिलाची मुदत तीस दिवसांचीच असते हे खरं. पण सत्र न्यायालयानं फाशी दिली की ती शिक्षा कायम करण्यासाठी प्रकरण आपोआप उच्च न्यायालयाकडे जातं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६६. किमान दोन न्यायमूर्तींच्या सहीशिवाय फाशी होऊच शकत नाही. आता १ जुलै २०२४ पासून संहिता नवी आहे, पण ही तरतूद तशीच आहे. आणि कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याचं उत्पन्न कितीही असो. एवढी दोन वाक्यं त्या मायला कोणी वेळेवर सांगितली असती तर ते एक एकर वाचलं असतं.

आणखी एक गोष्ट. आपण गुन्ह्याच्या दिवशी अल्पवयीन होतो हा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही मांडता येतो. कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, एवढी सूट कशाला? मग नगर परिषदेच्या त्या बाकावर बसून कळलं कशाला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला नक्कल मिळाली. एका म्हाताऱ्या शिपायानं गोदामात उकिडवं बसून एकेक रजिस्टर झटकत ते शोधलं होतं. मुलीचा जन्म, ११ डिसेंबर १९९३, आईचं नाव, आणि एका रकान्यात या मातेला आतापर्यंत झालेली अपत्यं: एक. मी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि रात्रीच्या गाडीनं नागपूरला निघालो. मायही सोबत होती. तिनं रस्त्याभर मला एकदाच विचारलं, "गुरुजी, कागद हाय ना जी?"

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधली उच्च न्यायालयाची ती दगडी इमारत मी बाहेरून खूपदा पाहिली होती. आत पहिल्यांदा गेलो. आमची केस बोर्डावर अकरावी होती. वकीलबाईंनी रात्रभर जागून अर्ज तयार केला होता. सोबत नोंदवहीच्या पानाची प्रमाणित प्रत, नगर परिषदेची नक्कल, मायचं आणि माझं प्रतिज्ञापत्र. पुकारा झाला. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. म्हणाले, खटला चार वर्षं चालला, शिक्षा होऊन दोन वर्षं झाली, आणि आज युक्तिवादाच्या दिवशी वयाचा मुद्दा? हा निव्वळ वेळकाढूपणा आहे.

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

न्यायमूर्तींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ज्येष्ठ न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं, "या दोन तारखा एकाच आईच्या मुलांच्या असू शकतात का, एवढंच सांगा." ते म्हणाले, पडताळणी करावी लागेल. झालं. कलम ३६७ खाली सत्र न्यायाधीशांनी वयाची चौकशी करून सहा आठवड्यांत अहवाल द्यावा, असा आदेश झाला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. माय मागच्या बाकावर होती, तिला एक शब्द कळला नाही. बाहेर आल्यावर मी सांगितलं, अजून काही झालं नाही, पण थांबलं आहे.

मग तिला घेऊन वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात मुलाखतीला गेलो. ३० जुलै २०१५ ला याकूब मेमनला फाशी झाली ती याच भिंतींच्या आत. त्या रात्री सर्वोच्च न्यायालयाचं दार पहाटे तीननंतर उघडलं, पाचच्या आधी अर्ज फेटाळला गेला आणि सातच्या सुमारास इथे शिक्षा अमलात आली. आम्ही तेव्हा टीव्हीवर पाहिलं होतं. पुढे आपल्याच गावचा पोरगा त्या यार्डात येईल हे कुठं माहीत होतं? जाळीपलीकडून तो मला ओळखायला थोडा वेळ लागला. दाढी आली होती, डोक्यावर पांढरे केसही. त्यानं विचारलं, "गुरुजी, मले किती वर्साचा लिवलं होतं तुम्ही?" मी सांगितलं. तो काही बोलला नाही. मीही जास्त बोललो नाही. आईला मात्र तो म्हणाला की औषध वेळेवर घेत जा.

चौकशीत माझी साक्ष होती. आदल्या रात्री दुकानदाराचा मुलगा घरी आला. दाराशीच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

"गुरुजी, माह्या बापाचं वय कोनी नाही पाह्यलं. बहात्तर होतं."

मी म्हटलं, मला माहीत आहे रे.

"तुम्ही उद्या खरं सांगसान, हे मले ठाऊक हाय. म्हणूनच भेव लागते."

तो गेल्यावर मी जेवलो नाही. बायको म्हणाली, आजारी आहे सांगा, तारीख मागा. खरं सांगतो, मनात आलं होतं. त्या माणसाला माझ्यावर राग असता तर सोपं गेलं असतं. त्याचा विश्वास होता, आणि तो विश्वास मी ज्या तऱ्हेनं खरा ठरवणार होतो त्यात त्याचंच नुकसान होतं. मेलेल्यांच्या बाजूनं न्याय मागणाऱ्या माणसाला मी काय सांगणार होतो? की कायदा माणूस मोजताना कुऱ्हाडीबरोबर वयही मोजतो? आजही त्याच्या समोर ते वाक्य बोलायची माझी हिंमत नाही.

साक्षीच्या पिंजऱ्यात नोंदवही माझ्यासमोर ठेवली. अक्षर माझंच असल्याचं मी सांगितलं. उलटतपासणीत सरकारी वकिलांनी विचारलं, "म्हणजे शासकीय नोंदवहीत तुम्ही खोटी तारीख लिहिली?"

"हो. माहीत नसताना लिहिली."

"अशा किती लिहिल्या असतील?"

"मोजल्या नाहीत. पुष्कळ."

"मग आज आरोपीला वाचवण्यासाठी तुम्ही खोटं बोलत नाही, हे न्यायालयानं कशावरून मानायचं?"

मी म्हणालो, "माझ्यावर विश्वास ठेवू नका साहेब. दोन्ही ओळी पाहा."

मायची साक्ष झाली. तिला विचारलं, मुलगा कोणत्या साली झाला. तिनं साल नाही सांगितलं. म्हणाली, पोरगी उभी राहून धरून-धरून चालत होती तेव्हा हा पोटात होता. न्यायाधीशांनी ते वाक्य तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला लावलं. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी फार आदर वाटला. खटल्याच्या चार वर्षांत ती बाई प्रत्येक तारखेला कोर्टाच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली बसलेली असायची. तिला आत बोलावून हे एक वाक्य कोणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, तेव्हाच्या वकिलांनी नाही, आणि मीही कधी जाऊन विचारलं नव्हतं.

अहवाल गेला. उन्हाळ्याच्या सुटीनंतर खंडपीठाचा निकाल आला. गुन्हा सिद्ध झाला हे कायम. घटनेच्या दिवशी तो अठरा वर्षांखालचा होता हेही मान्य. २०१२ च्या गुन्ह्याला २००० चा बाल न्याय कायदा लागू होता, आणि त्या कायद्यात अठराखालच्याला फाशीही नाही, जन्मठेपही नाही. जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृह. त्यानं जवळपास सहा वर्षं तुरुंगात काढली होती. सुटका झाली. तो गावात आला नाही, येऊही नये असंच सगळ्यांना वाटत होतं. बहिणीच्या सासरकडच्या कोणीतरी दूर कुठं कामाला लावून दिलं.

मार्च २०२० मध्ये निर्भया प्रकरणातल्या चौघांच्या शेवटच्या रात्री गावातल्या पानठेल्यावर टीव्हीसमोर गर्दी होती. रात्री दिल्ली उच्च न्यायालय, मग अडीच वाजता सर्वोच्च न्यायालय, आणि पहाटे साडेपाचला फाशी. मला कोणीतरी म्हणालं, "पाहा गुरुजी, वकील कसे शेवटच्या मिनिटापर्यंत नाटकं करतात." त्या चौघांपैकी एकानंही शाळेच्या दाखल्यावरून आपण अल्पवयीन होतो असा दावा केला होता आणि सर्वोच्च न्यायालयानं तो जानेवारीत फेटाळला होता. असे सगळेच दावे खरे असतात असं मी म्हणत नाही. पण खरा कोणता हे पाहण्यासाठी कागद उघडावा लागतो, आणि कागद उघडायला दार उघडं लागतं. मी तिथं बसू शकलो नाही. उठून घरी आलो.

शेवटच्या घटकेला आलेला अर्ज म्हणजे कोणीतरी मुद्दाम दाबून ठेवलेला कागद, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. कागद दाबलेला नव्हता. पेटीत होता, पेटी शाळेत होती, शाळेला कुलूपही नव्हतं. कोणी आलंच नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा वकील पहिल्याच आठवड्यात शाळेत पोचतो. गरिबाचा वकील त्याच्याकडे पोचतो तेव्हा बाकीचं सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून गरिबाचं खरं बहुतेक वेळा शेवटच्या दिवशीच कोर्टात येतं, आणि उशिरा आलं म्हणून खोटं वाटतं.

या केसनंतर मी असे निकाल शोधून वाचू लागलो. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना निर्दोष सोडलं. त्याच न्यायालयानं दहा वर्षांपूर्वी सहाही जणांची फाशी योग्य ठरवली होती. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ८ सप्टेंबर २०१४ ला उत्तर प्रदेशातल्या निठारी प्रकरणात सुरिंदर कोलीची फाशी मध्यरात्रीनंतर थांबवली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तोच माणूस शेवटच्या प्रकरणातही निर्दोष ठरला. आणि मार्च २०२३ चा निकाल वाचून मी रडलो. पुण्यातल्या १९९४ च्या खून प्रकरणातला फाशीचा कैदी, राजस्थानच्या एका शाळेच्या नोंदीवरून गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता असं सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं आणि त्याला सोडलं. अठ्ठावीस वर्षांनी. सुटला तो नागपूरच्याच कारागृहातून. म्हणजे आमचा पोरगा आत होता तेव्हा तोही तिथंच होता, आणि दोघांचंही वय कुठल्या तरी शाळेच्या पेटीत पडलेलं होतं.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मध्ये दयेच्या अर्जाला मुदत घातली आहे. सर्वोच्च न्यायालयात अपील फेटाळल्याचं तुरुंगाधीक्षकानं कळवल्यापासून तीस दिवस, आणि राज्यपालांनी नाकारल्यावर राष्ट्रपतींकडे जायला साठ दिवस. विलंब नको हे मलाही पटतं. दुकानदाराच्या मुलानं सहा वर्षं तारखा मोजल्या, त्याचं दुःख मी पाहिलं आहे. पण तालुक्याच्या गोदामातलं एक रजिस्टर सापडायला सहा दिवस लागले, तेही मी रोज जाऊन बसलो म्हणून. अर्जासोबत सांगायच्या गोष्टी अशाच कुठल्या कुठल्या पेट्यांत, गोदामांत असतात. ज्याचं कोणी जाऊन बसणारं नाही त्याचे तीस दिवस कसे जातील, हा हिशोब कलम लिहिणाऱ्यांनी केला असावा असं मला वाटत नाही.

दुकानदाराचा मुलगा माझ्याशी बोलतो. रामराम घालतो, पेरणीचं विचारतो. त्या विषयावर एकदाही नाही. दरवर्षी जुलैमध्ये त्यांच्या घरी जेवण असतं, मला बोलावणं येतं आणि मी जातो.

नोंदवही कोर्टातून शाळेत परत यायला वर्ष लागलं. पानावर निशाणी क्रमांकाचा शिक्का होता. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून विचारलं, तारीख दुरुस्त करायची का? शाळा सोडून गेलेल्या मुलाची नोंद अशी खोडता येत नाही, म्हणून मी नको म्हटलं. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं न्यायालयाच्या आदेशाचा क्रमांक लिहिला आणि खाली सही केली. नोंदवही बंद करायच्या आधी मी ती माझ्याकडे ओढली आणि त्या दिवशी लिहिलेली अठरा नावं बोट लावून वाचली. १-६-१९९४ अकरा वेळा आहे.